‘राइनोसेरॉस’ बसवताना: झाँचा गेंडा कसा उभा करायचा

नाटककार आयनेस्कोच्या ‘राइनोसेरॉस’ (म्हणजे गेंडा) या नाटकात (पहिला प्रयोग १९५९) गावातली माणसं एकेक करून गेंडे होतात. बहुतेकांचं गेंडा होणं विंगेपलीकडे उरकतं. झाँचं मात्र दुसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात, त्याचा मित्र आणि नाटकाचा नायक बेरांझे याच्या डोळ्यांदेखत. तालमीचा सर्वांत जास्त वेळ इथे द्या.

या प्रवेशात झाँ बोलता बोलता पुन्हापुन्हा न्हाणीघरात जाऊन येतो. आधी संहितेत त्या सगळ्या फेऱ्यांवर खुणा करा. दर फेरीला एकच बदल वाढवायचा: आवाज घोगरा, मग कपाळावरचं टेंगूळ मोठं, मग कातडी हिरवट. दोन बदल एकदम आणले की प्रेक्षक रंगभूषाच बघत बसतो आणि संवाद निसटतात. न्हाणीघराच्या दारामागे रंगभूषाकार, आरसा, मंद दिवा आणि ओल्या स्पंजवर हिरवा रंग तयार हवा. लहानमोठी टेंगळं आधीच करून ठेवा, आत फक्त चिकटवायची. घामाने चिकटपणा सुटतो, म्हणून कपाळ अगोदर कोरडं पुसा. आत किती वेळ मिळतो ते बेरांझेच्या वाक्यांवर घड्याळ लावून मोजा. कमी पडत असेल तर एक टप्पा गाळा; बेरांझेला ताटकळत ठेवू नका.

रंगाशिवायही जमतं. न्यूयॉर्कमधल्या १९६१च्या ब्रॉडवे प्रयोगात झीरो मॉस्टेल या नटाने मुखवटा न लावता, निव्वळ शरीर आणि आवाजावर हे रूपांतर केलं होतं. त्या वाटेने जायचं तर सुरुवात श्वासापासून: श्वास जड, मान खांद्यांत रुतलेली, पावलं आखूड. घोगरेपणा घशातून ओढला तर दोनचार प्रयोगांत घसा बसतो. स्वर खाली आणून छातीतून काढा.

नेहमीची चूक म्हणजे नट पहिल्या वाक्यापासून जनावर खेळतो. झाँ तर वाद घालत असतो, आणि त्याला स्वतःचं म्हणणं पटलेलं असतं. नीतीपेक्षा निसर्गाचे नियम बरे, हे तो समंजस माणसासारखं बोलला तरच अंगावर काटा येतो.

तिसऱ्या अंकात गणित उलटं. गेंड्यांचा गोंगाट वाढतो, पण संहितेनुसार त्याला हळूहळू ताल आणि सूर येतो. गेंड्यांची डोकी देखणी होत जातात. ती भेसूरच ठेवलीत तर त्यांच्यात जावंसं कुणाला का वाटावं? शेवटी एकटाच माणूस उरणाऱ्या बेरांझेलाही आधीपासून वीर करू नका. शेवटच्या स्वगतात तो गेंड्यासारखा आवाज काढून बघतो, जमत नाही, आणि त्याला स्वतःची लाज वाटते. तो प्रयत्न विनोदासाठी नको, मनापासून हवा. प्रेक्षक हसले तर नटाने हशा सरण्याची वाट न बघता पुन्हा आवाज काढावा.