लॅपटॉपमुळे धरलेली मान: सुरुवात खुर्चीपासून

लॅपटॉपचा मूळ दोष म्हणजे स्क्रीन आणि कीबोर्ड एकत्र जोडलेले. हात नीट ठेवावेत तर मान वाकते, स्क्रीन उचलावी तर खांदे वर चढतात. म्हणून पहिला खर्च वेगळ्या कीबोर्ड-माउसवर करा. महागडी खुर्ची नंतर.

ऑफिसचं टेबल साधारण ७५ सेंटीमीटर उंच असतं. सव्वापाच फुटांच्या माणसाला ते उंचच पडतं. खांदे सैल सोडून कोपर टेबलाच्या पातळीला येईपर्यंत खुर्ची वर घ्या. आता पाय लोंबकळतील आणि सीटची कड मांडीत रुतेल, तेव्हा पायाखाली कागदाच्या दोन रिमा ठेवा, सुमारे १० सेंटीमीटर होतात. नेमकी हीच पायरी गाळली जाते; मग माणूस पुढे सरकून बसतो, पाठीचा टेका सुटतो आणि कंबर धरते.

मग लॅपटॉपखाली पुस्तकं. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, अंतर हातभर. प्रोग्रेसिव्ह चष्मा (लांबचा-जवळचा नंबर एकाच काचेत, जवळचा खालच्या भागात) असेल तर स्क्रीन थोडी खालीच बरी, नाहीतर हनुवटी उचलून वाचावं लागतं. माउस कीबोर्डला खेटून.

एवढं करूनही अर्ध्या तासाने उठायचंच. बोटांना मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.