साथीची बातमी आली की गावानं आधी काय करायचं

३० जानेवारी २०२० ला केरळात कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला. टाळेबंदी लागली २५ मार्चला. मधल्या काळात आमच्या यवतमाळकडच्या गावात फक्त मोबाइलवरच्या अफवा पोचल्या. मी आशा सेविका, गावातली आरोग्य कार्यकर्ती; घरोघरी तपासणीला धाडलं तेव्हा मास्कही दिला नाही, ओढणी बांधून फिरले. तो राग अजून गेला नाही. म्हणून सांगते, वरच्या आदेशाची वाट पाहू नका.

आधी शाळा बघा, बाहेरून आलेल्यांना काही दिवस वेगळं ठेवायला. पुण्या-सुरतेचे मजूर परत येतील, ती आपलीच माणसं, वेशीवर काट्या टाकू नका. खिडक्या उघडतात का, पाणी कोण भरणार, बायांना वेगळा संडास आहे का, डबा कोणाकडून, हे नावानिशी ठरवा. आमच्याकडे त्यांना १४ दिवस शाळेत ठेवायचं ठरलं, पाण्याचं कोणीच पाहिलं नाही. माणसं रात्री घरी गेली अन् दोष त्यांनाच लागला.

मग गोळ्या. बीपी, शुगर, टीबीची महिनाभराची औषधं घरात हवीत. सिकलसेलच्या, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या पोरांची हायड्रॉक्सीयुरियाची गोळी सगळ्यात आधी. एसटी बंद झाल्यावर तालुक्याला कोण नेणार? गरोदर बायांच्या तारखा लिहून ठेवा, त्यांना दवाखान्यात नेणाऱ्या गाडीचा १०२ नंबर घरोघरी द्या.

ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र, ग्रामपंचायतीनं घ्यावं. मेंदी, नेलपॉलिश नसलेलं बोट निवडा, हात गार असेल तर चोळा, पाच मिनिटं बसवून मग लावा. आकडा स्थिर होऊ द्या. ९४ च्या खाली गेला तर काढा पाजत बसू नका, १०८ ला फोन करा. बाई "बरी आहो मी" म्हणाली तरी.