कळा आणायचं सलाईन लागलं, पण पाठीतलं इंजेक्शन नको असेल तर

माझं पहिलं बाळंतपण आपसूक कळा येऊन झालं. दुसऱ्या वेळी ४१ आठवडे उलटले तरी कळांचा पत्ता नव्हता, म्हणून डॉक्टरांनी दाखल करून कळा आणल्या. दोन्ही वेळा दुखणं कमी करणारं काही घेतलं नाही. कळा सगळ्या सारख्याच असतात असं कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि सोडून द्या. आपसूक येणाऱ्या कळा पाहुण्यासारख्या असतात, आधी फाटकाशी, मग सोप्यात, मग आत. सलाईनच्या कळा थेट माजघरात शिरतात.

कारण साधं आहे. सलाईनमध्ये ऑक्सिटोसिन असतं. आपल्या अंगात तयार होतं तेच हे रसायन, पण आपलं शरीर ते थोडं थोडं, थांबून थांबून सोडतं आणि जोडीला मेंदूतून दुखणं सोसायला मदत करणारी द्रव्यंही वाढत जातात. शिरेतून येणारं ऑक्सिटोसिन सलग येतं आणि मेंदूपर्यंत फारसं पोचत नाही. त्यामुळे अंगाला सरावायला कमी वेळ मिळतो. म्हणून तयारी दोन गोष्टींची करायची. सुरुवातीच्या तासांत ताकद उधळायची नाही, आणि सलाईनचा वेग किती ठेवायचा हे डॉक्टरांशी बोलता येतं हे विसरायचं नाही.

पाठीतलं इंजेक्शन, म्हणजे एपिड्युरल, वाईट आहे असं माझं म्हणणं मुळीच नाही. पण लहान दवाखान्यांत भूलतज्ज्ञ बोलावल्यावर येतात, मध्यरात्री ते मिळतीलच असं नाही. कित्येकींना एपिड्युरलशिवाय हे ठरवून नव्हे, नाइलाजानं जमवावं लागतं. ठरवून असो की नाइलाजानं, तयारी तीच लागते.

१. दाखल व्हायच्या आधी

कळा का आणायच्या, हे आधी स्पष्ट विचारा. बीपी वाढलंय, साखर आहे, बाळाभोवतीचं पाणी कमी झालंय, पाणी फुटलंय पण कळा नाहीत, दिवस उलटलेत, ही खरी कारणं. चांगला दिवस बघून घेणं हे कारण नाही, मग पंचांग कितीही जाड असो.

दुसरा प्रश्न, ‘गर्भपिशवीचं तोंड किती तयार आहे?’ डॉक्टर आतून तपासून त्याला गुण देतात, त्याला बिशप स्कोअर म्हणतात. तोंड किती उघडलं, किती मऊ झालं, किती आखूड झालं, कुठल्या बाजूला आहे आणि बाळाचं डोकं किती खाली आलंय, या पाच गोष्टींचे मिळून १३ पैकी गुण. आठ किंवा जास्त असतील तर काम बरंचसं झालेलं असतं. सहा किंवा कमी असतील तर आधी तोंड मऊ करावं लागतं, आणि हा सगळा प्रकार एका दिवसात आटोपेल अशी आशा धरायची नाही. हा आकडा कळला की घरच्यांना ‘आज संध्याकाळपर्यंत पेढे’ असं कुणी सांगत नाही.

कळा आणायचा एक फायदा असतो, तारीख ठरलेली असते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे तुम्ही कोल्हापुरात आणि नवरा बहुधा पुण्यात. त्याला आधीच बोलावून घ्या. जुलै-ऑगस्टात तारीख असेल आणि माहेर चिखली, आंबेवाडी किंवा शिरोळकडचं असेल, तर पुराचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीला लागायची वाट बघू नका. आधीच शहरातल्या पाहुण्यांकडे येऊन राहा.

सोबत कोण असणार हेही आत्ताच ठरवा. सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी जवळची एक बाई सोबत असू द्यावी, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं २०१६ मध्येच सांगितलेलं आहे. खासगीत ज्याचा त्याचा नियम, तो विचारून घ्या. माझ्या मते सोबतीला हळवी बाई नको. कळ आली की तुमच्याआधी जिच्या डोळ्यांत पाणी येतं, तिला बाहेर डबा सांभाळायला बसवा. आत धाकटी आत्या किंवा वहिनी, जिचे हात दणकट आहेत आणि जिला गप्प बसता येतं, अशी हवी.

२. पहिली रात्र: झोपा

तोंड तयार नसेल तर जेल लावतात किंवा गोळी देतात. जेल साधारण सहा तासांनी पुन्हा लावता येतं. गोळी २५ मायक्रोग्रॅमची, दर दोन तासांनी तोंडातून किंवा जास्त अंतरानं खालून देतात. आधी सिझर झालेलं असेल तर ती गोळी चालत नाही, त्यामुळे फाइलमध्ये लिहिलेलं असलं तरी तोंडानं पुन्हा सांगा. काही ठिकाणी नळीचा फुगा आत ठेवून पाण्यानं भरतात. तोंड तीनेक सेंटीमीटर उघडलं की तो आपोआप निसटतो.

या टप्प्यात पोटात पाळीसारखं दुखतं, मध्येच थांबतं, परत येतं. सगळ्यात मोठी चूक इथे होते. उत्साहानं बायका रात्रभर व्हरांड्यात फेऱ्या मारतात, जिने चढतात-उतरतात, प्रत्येक दुखण्याची वेळ मोबाइलमध्ये टिपतात, आणि सकाळी सलाईन लागायच्या वेळेला गळून जातात. मीही तेच केलं. पहाटे चारला आई म्हणाली, “अगं, अजून वेशीजवळ पण न्हाईस, पळतीस कशाला?” तेव्हा आडवी झाले. चालायचं ते आदल्या आठवड्यात रंकाळ्यावर चालून घ्या. त्या रात्री कुशीवर झोपायचं, दोन गुडघ्यांत उशी घालून. झोप नाही लागली तरी डोळे मिटून पडायचं.

खाणंही याच वेळी उरकायचं. मऊ भात, तांदळाची पेज, राजगिऱ्याचा लाडू, दोन-चार खजूर, शहाळ्याचं पाणी. सलाईन लागल्यावर काही डॉक्टर फक्त पातळ घेऊ देतात, म्हणून आधी विचारा. तांबड्या-पांढऱ्याची वाटी कुणी प्रेमानं आणलीच तर आणणाऱ्यालाच प्यायला लावा. कळांमध्ये उलटी होते, आणि तिखट वर येताना जास्त छळतं.

सिस्टरना लगेच हाक मारायची ती अशा वेळी: पाळीसारखं रक्त गेलं, पोट दगडासारखं घट्ट होऊन सैल होईना, बाळाची हालचाल कमी वाटली, पाणी फुटलं आणि ते हिरवट आहे, डोकं ठणकतंय किंवा डोळ्यांपुढे अंधारी येतेय, किंवा जुन्या सिझरच्या जागी दुखतंय. पाणी फुटलं की लगेच उठून चालू नका. बाळाचे ठोके आणि डोकं तपासून ‘चाला’ म्हणेपर्यंत आडवंच राहायचं.

३. सलाईन सुरू होताना

जेल लावल्यानंतर किमान सहा तास गेल्याशिवाय हे सलाईन लावत नाहीत. कमी थेंबांपासून सुरू करून साधारण दर अर्ध्या तासानं वाढवतात. हवं असतं ते इतकंच, दहा मिनिटांत तीन-चार चांगल्या कळा. पाचाच्या वर गेल्या तर वेग कमी करायला हवा, कारण दोन कळांच्या मधल्या वेळात बाळालाही श्वास मिळत असतो. तेव्हा सोबतच्या बाईचं पहिलं काम घड्याळ बघून कळा मोजणं. सहावी कळ आली की “सिस्टर, दहा मिनिटांत सहा झाल्या” एवढंच शांतपणे सांगायचं. भांडण नको, आकडा पुरतो. सलाईन थांबवलं की ऑक्सिटोसिनचा अंमल काही मिनिटांत उतरू लागतो, म्हणून वेग कमी करणं हे अगदी सोपं काम आहे.

विचारायचा आणखी एक प्रश्न असा: कळा नीट लागल्यावर, पाच सेंटीमीटरच्या पुढे, सलाईन कमी करून किंवा बंद करून बघता येईल का? काही जणींच्या कळा त्यानंतर स्वतःच्या बळावर चालू राहतात. सगळ्यांच्या राहत नाहीत, आणि निर्णय डॉक्टरांचाच. पण विचारल्याशिवाय कुणी आपणहून सुचवेल असं नाही.

सुई डाव्या हातात, मनगटापासून जरा वर लावायला सांगा (डावखुऱ्या असाल तर उजव्या), म्हणजे पलंगाला धरून वाकता येतं. बाळाच्या ठोक्यांचे पट्टे पोटावर असतात, त्यामुळे लांब जाता येत नाही. पण पट्टे लावले म्हणजे उताणंच पडायचं असा नियम नाही. उताणं पडल्यावर कळ जास्त लागते आणि बाळाकडचा रक्तपुरवठाही दबतो. कुशीवर वळा, पलंगाच्या कडेला पाय सोडून बसा, पलंगाशेजारी उभं राहून उशीवर डोकं टेका. वायर पुरते तेवढ्यात हे सगळं होतं. दर दोन तासांनी लघवीला जा, आली नाही तरी. भरलेली लघवीची पिशवी बाळाची वाट अडवते.

४. कळ आली की

एक कळ साधारण मिनिटभराची असते. चढते, माथ्यावर थोडी थांबते, उतरते. आपल्याला एकच मिनिट काढायचंय. पुढच्या कळेचा हिशेब आत्ता मांडायचा नाही.

चढायला लागली की नाकानं श्वास घ्या आणि तोंडानं लांब सोडा, पेजेवर फुंकर घालतात तसा. सोडायचा श्वास घेतलेल्यापेक्षा लांब हवा. आवाज निघाला तर निघू द्या, पण खालच्या पट्टीतला, म्हशीच्या हंबरण्यासारखा. हसू येईल, पण त्यानं जबडा सुटतो. चिरका आवाज काढला की खांदे कानाला भिडतात आणि सगळं अंग आवळतं. सोबतच्या बाईनं ‘धीर धर, धीर धर’ म्हणत बसण्यापेक्षा फक्त खांद्यावर हात ठेवून “खांदे खाली” म्हणावं.

पाठीत दुखत असेल तर याहून मोठं औषध नाही: कंबरेच्या खाली, माकडहाडाच्या जरा वर जो सपाट भाग असतो तिथे तळहाताची टाच ठेवून कळ संपेपर्यंत जोरात दाबून धरायचं. चोळायचं नाही, दाबायचं. कळा सोसणारी सांगेल तिथे, सांगेल तेवढं. इथे पहिलवानाची ताकद लागते, आणि कोल्हापुरात ती घरातच सापडते. माझा दीर तालमीत जाणारा, पण लेबर रूममध्ये त्याला कोण घेणार! आत्यानं दोन तास दाबलं, तिचे हात आठवडाभर दुखत होते. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पाठीला लावली तरी बरं वाटतं. दवाखान्यात परवानगी असेल आणि ठोके ठीक असतील तर पाठीवर कोमट पाणी घेणं सगळ्यात उत्तम.

कळ उतरली की ती संपली. मधल्या दोन मिनिटांत हात-पाय सैल, घोटभर पाणी, डोळे मिटलेले. कुणी बोलायचं नाही. ‘किती बोटं उघडलं?’ हा प्रश्न तर बाहेरच्यांनी खोलीत आणायचाच नाही. दोन बोटं, म्हणजे जेमतेम तीन सेंटीमीटर, इथेच पुष्कळ वेळ जातो. पुढचं पुष्कळदा लवकर होतं.

५. कुठलंही इंजेक्शन टोचायच्या आधी

आपल्याकडे सलाईनमध्ये किंवा कमरेत एखादं इंजेक्शन सहज दिलं जातं. ते कशाचं, हे विचारा. ड्रोटाव्हेरिन किंवा व्हॅलेथामेट असेल तर ते तोंड लवकर उघडावं म्हणून देतात. ट्रामाडॉल किंवा पेंटाझोसिन हे दुखणं कमी करणारं असतं, त्यानं गुंगी येते, उलटी होऊ शकते. दुखण्यावरचं काही नको असेल तर दाखल होतानाच सांगा आणि फाइलवर लिहून घ्या. माझ्या वेळी सिस्टर सुई भरूनच आल्या होत्या. ‘सगळ्यांनाच देतो’ म्हणाल्या. मी “आत्ता नको, लागलं तर मागून घेते” म्हटलं, आणि विषय तिथंच मिटला.

६. “सिस्टर, मी घरी जातो”

आमच्याकडच्या पोरी एरवीही ‘आलो, गेलो’ म्हणतात. आठ-नऊ सेंटीमीटरला मी खरंच पलंगावरून पाय खाली टाकून म्हणाले, “सिस्टर, मी घरी जातो, उद्या येतो.” अंग थरथरतं, घाम फुटतो, उलटी होते, आता जमणार नाही असं ठाम वाटतं. ही वेळ बहुतेक वेळा सगळ्यात अवघड आणि सगळ्यात कमी लांबीची असते. सोबतच्या बाईनं वाद घालू नये, तपासायला सांगावं.

पण हेच दोन-तीन सेंटीमीटरला, रात्रभर जागून, अंगात त्राण उरलं नसताना वाटत असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा दुखणं कमी करणारं इंजेक्शन मागून घ्या. दोन तास झोप मिळून पुढचं नीट पार पडलं तर त्यात हरण्यासारखं काही नाही. कुणाला सांगायचं बंधनही नाही.

७. जोर देताना

तोंड पूर्ण उघडलं तरी लगेच जोर द्यायची घाई नको. शौचाला लागल्यासारखं आपोआप दाटून आलं की तेव्हाच. श्वास कोंडून दहापर्यंत मोजायची गरज नाही, अंग सांगेल तसा जोर द्या. पोटावर कुणी वरून दाबायला लागलं तर नको म्हणा, जागतिक आरोग्य संघटनाही ते करू नका असंच सांगते. डोकं दिसू लागल्यावर ‘थांब’ म्हणतील तेव्हा तोंड उघडून हाय-हाय असा श्वास घ्यायचा, म्हणजे फाटणं कमी होतं.

८. बाळ झाल्यावर

वार पडायला आणि रक्त कमी जायला मांडीत ऑक्सिटोसिनचं एक इंजेक्शन देतात. ते घ्याच. टाके घालायचे असतील तर ती जागा बधिर करून घ्या. इतका वेळ काही घेतलं नाही म्हणून टाकेही तसेच सोसायचे, असला हट्ट नको. पुरेसं बधिर झालं नसेल तर हाक मारून आणखी औषध घालायला सांगा.

दुसरेपण असेल तर पुढचे दोन-तीन दिवस बाळाला पाजताना पोटात पुन्हा कळा येतील, पहिल्या वेळेपेक्षा जास्त. पिशवी आकसत असते. पाजायला घ्यायच्या आधी लघवीला जाऊन या आणि पोटाखाली गरम पिशवी ठेवा. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल लिहून दिलेलं असेल तर पाजायच्या अर्धा तास आधी घ्या.