कर्करुग्णाचे कुपोषण वॉर्डात कसे तपासावे

रुग्ण दाखल झाल्यापासून २४ तासांच्या आत, फार तर ४८ तासांत, त्याच्या पोषणाची पहिली चाळणी (स्क्रीनिंग) व्हायला हवी, कारण केमो किंवा शस्त्रक्रियेची धावपळ सुरू झाली की हे काम हमखास मागे पडते. एनआरएस-२००२ किंवा मस्ट या, गुण देऊन कुपोषणाचा धोका ओळखणाऱ्या पद्धतींपैकी कोणतीही चालेल. वॉर्डातील सर्वांनी एकच वापरावी, एवढे पाहावे. एनआरएस-२००२ मध्ये ३ किंवा अधिक गुण आले, तर आहारतज्ज्ञाकडून सविस्तर तपासणी करून घ्यावी.

वजन नातेवाइकांना विचारून लिहू नये. चपला आणि जाड कपडे काढून, शक्यतो सकाळी आणि दर वेळी त्याच काट्यावर घ्यावे. खरी अडचण येते ती सहा महिन्यांपूर्वीचे वजन शोधताना. ते रुग्णाला क्वचितच आठवते. पण आधी केमो झाली असेल, तर डोस काढण्यासाठी घेतलेले वजन जुन्या केसपेपरवर तारखेसह सापडते. तेही नसेल, तर पट्ट्याला नवे भोक पाडावे लागले का, बांगड्या सैल झाल्या का, हे विचारावे. उत्तर आकड्यात येत नसले तरी अंदाज येतो.

तोंडाच्या कर्करोगाचा, पन्नाशीतला, १६० सेंटिमीटर उंचीचा एक रुग्ण धरू. सहा महिन्यांपूर्वी त्याचे वजन ६२ किलो होते, आज ५६ आहे. घट ६ किलो, म्हणजे मूळ वजनाच्या सुमारे ९.७ टक्के. त्याचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) मात्र २१.९, म्हणजे सर्वसाधारण येतो, आणि नुसता तोच पाहणारा निर्धास्त राहतो. ग्लिम या कुपोषणावरील आंतरराष्ट्रीय गटाच्या २०१९ च्या निकषांनुसार सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून अधिक घट, कमी बीएमआय किंवा घटलेले स्नायू यांपैकी एक गोष्ट आणि तिच्या जोडीला कमी झालेला आहार किंवा आजारामुळे शरीरात होणारा दाह (इन्फ्लमेशन) आढळला, की कुपोषणाचे निदान होते. वजनघट आणि कर्करोगामुळे होणारा दाह या दोन्ही गोष्टी असल्याने या रुग्णाला ते लागू होते. घट १० टक्क्यांच्या पुढे गेली असती, तर ते तीव्र ठरले असते.

आहाराची चौकशी ‘जेवण कसे आहे?’ एवढ्यावर सोडू नये, कारण ‘बरे आहे’ हेच उत्तर मिळते. काल सकाळपासून पोटात काय काय गेले, ते क्रमाने विचारावे. पूर्वी दोन भाकऱ्या खाणारा माणूस आता अर्धी पोळी दुधात कुस्करून, तीही तासभर लावून खात असेल, तर आहार निम्म्याहून खाली आला आहे हे उघड आहे. त्याच वेळी कारणही शोधावे: तोंड न उघडणे, तोंडातले फोड, गेलेली चव, मळमळ, बद्धकोष्ठता, वेदना. पीजी-एसजीए या कर्करुग्णांसाठीच्या प्रपत्रात ही लक्षणे गुणांसह मोजली जातात आणि ९ किंवा अधिक गुण आल्यास तातडीने उपाय करावे लागतात.

मग हात लावून तपासावे. कानशिले खोल गेली आहेत का, खांद्याची हाडे वर आली आहेत का, अंगठा आणि तर्जनी यांमधला स्नायू सपाट झाला आहे का, ते पाहावे. पायांना सूज किंवा पोटात पाणी असेल, तर काट्यावर विश्वास ठेवू नये. अल्ब्युमिन या रक्तातील प्रथिनाच्या रिपोर्टवरून कुपोषण ठरवण्याची सवयही सोडावी, कारण दाह वाढला की ते उतरतेच, मग रुग्ण पोटभर जेवत असला तरी.

कुपोषित रुग्णात केमोचे दुष्परिणाम वाढतात, रेडिएशनमध्ये खंड पडतो, शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्ग होतो आणि मुक्काम लांबतो. वजनघट आणि कमी आयुर्मान यांचा संबंध १९८० सालीच मोठ्या अभ्यासात दिसला होता. यातला काही भाग मूळ आजार पुढे गेल्यामुळे असतो, हे मान्य करावे; तरीही स्वित्झर्लंडमधील आठ रुग्णालयांत, पोषणाचा धोका असलेल्या विविध आजारांच्या सुमारे २,००० रुग्णांवर झालेल्या चाचणीत नेमून दिलेल्या आहारामुळे ३० दिवसांतील मृत्यू १० टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले.

रोज किलोमागे २५ ते ३० किलोकॅलरी आणि १ ते १.५ ग्रॅम प्रथिने हे साधारण उद्दिष्ट ठेवावे. तोंडाने जमत नसेल, तर नाकातून नळी घालण्याचा निर्णय लांबवू नये. मात्र अनेक दिवस उपाशी असलेल्याला एकदम पूर्ण आहार न देता आधी थायमिन (जीवनसत्त्व बी-१) द्यावे, फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम तपासून कमी असल्यास भरून काढावेत आणि मात्रा हळूहळू वाढवावी. वजन दर आठवड्याला पुन्हा घ्यावे आणि डिस्चार्ज कार्डावर तारखेसह लिहावे.