एक्सायटिंग की एक्झिलरेटिंग? नेमका शब्द कसा निवडावा

मराठीत आपण या दोन्ही इंग्रजी विशेषणांना सरसकट ‘रोमांचक’ म्हणून मोकळे होतो आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. खरं तर फरक ओळखायची उत्तम खूण मराठीतच आहे.

पायरी 1 : उत्कंठा की उल्हास, हे ठरवा

उत्कंठा म्हणजे मान उंचावून वाट पाहणं. पुढे काय होणार, या ओढीनं जीव वरखाली होतो, ते एक्सायटिंग. उल्हासात मन फुलून येतं, ते एक्झिलरेटिंग. त्याचं मूळही लॅटिनमधल्या ‘हिलारिस’ म्हणजे ‘आनंदी’ या शब्दात आहे.

29 जून 2024 चा टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना आठवा. दक्षिण आफ्रिकेला 30 चेंडूंत 30 धावा हव्या होत्या आणि आपण श्वास रोखून बसलो होतो. तो खेळ एक्सायटिंग. भारत 7 धावांनी जिंकला आणि घराघरांत लोक नाचू लागले, तो क्षण एक्झिलरेटिंग.

पायरी 2 : शरीराला विचारा

कळसूबाईला जायच्या आदल्या रात्री सॅक भरताना झोप येत नाही, हे एक्सायटिंग. शेवटची लोखंडी शिडी चढून 1646 मीटरवर पोहोचलात, गार वारा अंगावर आला आणि थकवा कुठल्या कुठे पळाला, तर एक्झिलरेटिंगच लिहा. वेग, वारा, उंची, थंडगार पाणी यांच्याशी हा शब्द फार छान जमतो.

पायरी 3 : नामाशेजारी ठेवून वाचा

बातमी, योजना, नोकरीची ऑफर : इथे एक्सायटिंग. ‘एक्झिलरेटिंग ऑफर’ कानाला खटकतं. शंका असेल तर एक्सायटिंगच वापरा. त्याचा आवाका मोठा आहे.

पायरी 4 : शेवट तपासा

शब्दाच्या शेवटी ‘इंग’ की ‘एड’, ही चूक मुलाखतीतही होते, म्हणून इथे जरा थांबा. अनुभव एक्सायटिंग असतो, माणूस एक्सायटेड होतो. ‘आय ॲम एक्सायटिंग’ म्हणालात, तर ‘मी फार उत्कंठावर्धक आहे’ असा अर्थ होईल. एक्झिलरेटिंग आणि एक्झिलरेटेडचंही तसंच.

पायरी 5 : स्पेलिंग

एक्झिलरेटिंगमध्ये एक्सनंतरचा एच उच्चारत नाहीत, म्हणून तो लिहिताना निसटतो. ‘हिलॅरिअस’ हा शब्द आठवा. तोही त्याच मुळाचा आहे आणि त्याची पहिली पाच अक्षरं, एच-आय-एल-ए-आर, इथे जशीच्या तशी येतात.