सायकलचं हँडल वर-खाली करताना या चुका टाळा

तळहात दुखले, मान आखडली की लोक आधी हँडलला हात घालतात. मी म्हणतो, आधी सीट बघा. सीटचं नाक खाली झुकलं असेल तर अंग पुढे घसरतं आणि सगळा भार हातांवर येतो. मग हँडल कितीही उचला, करंगळी-अनामिकेला मुंग्या येतच राहतात. सीट सपाट करा, तिची उंची ठरवा, मगच पुढे या.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो स्टेमच्या, म्हणजे हँडलला फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) नळीशी जोडणाऱ्या तुकड्याच्या, डोक्यावरच्या बोल्टमुळे. नव्या सायकलींमध्ये हा बोल्ट हँडल धरून ठेवत नाही, हेडसेटच्या, म्हणजे ही नळी जिच्यात फिरते त्या जोडाच्या, बेअरिंगमधली ढिलाई काढतो. स्टेमला, आणि त्यासोबत हँडलला, नळीवर धरतात ते स्टेमच्या मागचे दोन बोल्ट. माझ्या भाच्याने हँडल उचलायला स्पेसर (नळीवर बसणाऱ्या कड्या) स्टेमखाली घातले, मागचे बोल्ट आधीच आवळले आणि हँडल हलतंय म्हणून वरचा बोल्ट पिळत बसला. स्टेम घट्ट असताना वरून कितीही पिळा, बेअरिंगवर दाब येत नाही. उलट नळीच्या आतला नट वर सरकला. पुढचा ब्रेक दाबला की खडखड व्हायची, तरी हा आठ दिवस तशीच चालवत राहिला. मी उघडून पाहिलं तेव्हा खालच्या बेअरिंगच्या वाटीला खड्डे पडले होते. अख्खा हेडसेट बदलावा लागला. पाच मिनिटं वाचवायला गेला, त्याचं हे झालं.

माझी सवय अशी: मागचे बोल्ट ढिले, वरचा बोल्ट हलक्या हाताने, हँडल चाकाशी सरळ, मग मागचे दोन्ही आळीपाळीने थोडे थोडे घट्ट. बोल्ट किती जोराने आवळायचा ते बहुतेक स्टेमवर न्यूटन मीटरमध्ये छापलेलं असतं, बऱ्याचदा ५ च्या आसपास. कार्बनची नळी असेल तर टॉर्क रेंचशिवाय (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याशिवाय) हात लावू नका. शेवटी पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवायची आणि एक बोट हेडसेटवर ठेवायचं. ढिलाई बोटाला लगेच कळते.

जुन्या पद्धतीच्या, नळीत खोल जाणाऱ्या स्टेमवर एक खूण कोरलेली असते. ती बाहेर दिसेल इतकं हँडल वर काढणं म्हणजे भर चढावर, जोर लावताना, ते हातात येण्याची तयारी. उंची पुरत नसेल तर लांब स्टेम घ्या. यात मी कुणाचं ऐकून घेत नाही.

स्टेम काढताना फोर्क धरून ठेवा, नाहीतर खाली निसटतो.

एकदम तीन सेंटिमीटर उचलू नका. एक स्पेसर, पाच-दहा मिलिमीटर, मग सायकलवर चार-पाच फेऱ्या. नवशिक्यांना हे सहन होत नाही. एका संध्याकाळी तीनदा बदलतात आणि नेमकं कशाने बरं वाटलं तेच कळत नाही. हँडल खाली घेतल्यावर स्टेमच्या वर उरलेली नळी तर महिनाभर कापूच नका.

हँडल स्टेममध्ये पुढे-मागे फिरवलं की ब्रेकचे लिव्हरही फिरतात. मनगट न मोडता बोटं त्यांवर पडतील असे ते पुन्हा लावा. मग हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. केबल ताणली जात असेल तर लांब केबल घाला, तोवर एक स्पेसर परत स्टेमच्या वर, म्हणजे हँडल थोडं खाली.