वखराची पास तुटली? आधी तुटीकडे बघा

जालन्यात माझ्याकडे पेरणीआधी तुटलेल्या पासा (वखराची माती कापणारी पाती) येतात. गिऱ्हाईक म्हणतं, पोलाद खराब. मी म्हणतो, तूट पुसा, उन्हात धरा. साखरेसारखी चमचम दिसली तर पोलादातले कण मोठे झालेत. भट्टीत जास्त तापलं. करडी, मऊसर दिसली तर कण बारीक. बारीक कणांत त्यांच्यामधल्या सीमा जास्त, आणि भेगेला प्रत्येक सीमेवर दिशा बदलावी लागते, जोर खर्चावा लागतो. हॉल (1951) आणि पेच (1953) या धातू-अभ्यासकांनी हेच मांडलं: कण लहान, ताकद जास्त. शिवाय चिवटपणाही वाढतो, म्हणून कण बारीक करणं हा उपाय मला सगळ्यात प्रिय.

पास ज्यातून घडवतो त्या पाट्याचं (गाडीच्या स्प्रिंगच्या पट्टीचं) पोलाद लोहचुंबकाला चिकटेनासं होईपर्यंत (साधारण 770 अंश सेल्सिअस) तापवा, त्याहून जरा वर न्या, लगेच काढा, वारा नसलेल्या जागी काळं पडू द्या. असं तीनदा, दर वेळी आच थोडी कमी. पिवळं होऊ देऊ नका, तिथे कण झपाट्याने फुगतात. मग पुन्हा तेवढंच तापवून तेलात विझवा, म्हणजे कडक होईल, आणि मंद आचेवर तापवून तो कडकपणा थोडा उतरवा. हे उतरवणं टाळलं तर बारीक कणांचीही पास दगडावर तुटेल.

खात्रीसाठी त्याच पाट्याचा तुकडा सोबत तापवा, तेलात विझवा, चष्मा घालून मोडून बघा.